दामिनीबद्दल बोलणारं माणूस

दामिनीला कोणी तिच्याविषयी विचारलं की ती दुसऱ्याच कोणाचं तरी नाव पुढे करते, ही काळजी तिच्या आईच्या, अनिताच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. भाकरी थापताना, शिकवणीच्या पोरांचे पाढे ऐकताना, हंडा डोक्यावर चढवताना काळजी तशीच ठाण मांडून बसलेली असायची. मंगळवारी मस्कतमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलची मुख्य सिस्टर लॅपटॉपच्या पडद्यावरून दामिनीला विचारणार होती, तुम्ही आजवर काय काम केलंत ते सांगा. आणि ही पोरगी सांगणार, आमच्या सिनियर सिस्टर फार चांगल्या होत्या. मग खाली बघणार. समोरची बाई कितीही वेळ थांबली तरी हिच्या तोंडून दुसरं वाक्य निघणार नाही.

ही खोड घरातली नव्हती. दामिनीचा बाप देवराम गोजर आसनगावच्या कारखान्यात पॅकिंगला होता आणि चार माणसांत बसला की आपल्या एका खाचराचं भात दोन खाचरांचं करून सांगायचा. अनिता शहापूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. शेणव्याच्या पुढे फाट्यावरून आत असलेल्या या गावात सून म्हणून आली, तेव्हापासून गावातले अर्ज, तक्रारी, पोरांच्या शिकवण्या तिच्याकडेच. तिलाही कोणी मुकी म्हटलं नसतं. दामिनी मात्र लहानपणापासून अशी, की शाळेत रांगोळीत पहिली आली तरी घरी येऊन सांगायची, मैत्रिणीने रंग चांगले आणले होते.

ती नववीत असताना तिच्या आजोबांच्या, राघोबाबांच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार, त्यात बांधावरचा काटा. पाय कापावा लागेल असं शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेणव्याच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर एकदा येऊन पट्टी कशी बदलायची ते दाखवून गेली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती पट्टी दामिनीने बदलली. शाळेत जायच्या आधी पाणी उकळायचं, थंड करायचं, आजोबांच्या शिव्या खात जखम धुवायची. राघोबाबांच्या शिव्या म्हणजे अख्ख्या आळीला ऐकू जायच्या. पाय वाचला. डॉक्टरांनी जखम बघितली आणि विचारलं, "ड्रेसिंग कोण करतं यांचं?"

"शेणव्याच्या सिस्टर," दामिनी म्हणाली.

तेव्हा अनिताच पुढे झाली. "अहो, हीच करते रोज. ती सिस्टर एकदाच आली होती." डॉक्टर हसले, आणि बारावीनंतर पोरीला नर्सिंगला घाला म्हणाले. दामिनीचं जे काही सांगण्यासारखं असेल ते सांगायचं काम त्या दिवसापासून अनिताकडे आलं, ते आजपर्यंत. नर्सिंगच्या प्रवेशाला बोलली अनिता. होस्टेलच्या वॉर्डनशी बोलली अनिता. कल्याणच्या खाजगी हॉस्पिटलात नोकरीची पहिली भेट होती, तेव्हाही अनिता बाहेरच्या बाकावर बसून होती, आणि आतून बोलावणं आलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं.

त्या हॉस्पिटलात दामिनी तीन वर्षं होती, बहुतेक काळ आयसीयूत. आठवड्याच्या सुट्टीला आटगाव स्टेशनला उतरून घरी यायची, जेवायची, झोपायची आणि परत जायची. गेल्या पावसाळ्यात भाताची रोपं लावायच्या, आवणीच्या वेळी ती घरी आली ती गेलीच नाही. आवणी उरकली, गावातल्या इतर पोरी आपापल्या कामाला लागल्या, तरी ही घरातच.

"कवा जायचीस गो?" अनिताने विचारलं होतं.

"नाय जायची."

"म्हंजे?"

"सोडलं."

अनिताने खोदून खोदून विचारलं. दामिनीने नीट उत्तर दिलं नाही. देवराम म्हणाला, नको पोरीच्या मागं लागू, कंटाळली असेल. मग शहापुरात एका लहान दवाखान्यात तिला दिवसपाळीचं काम मिळालं. इंजेक्शन, मलमपट्टी, ताप बघणं. ती जायची, यायची. आयसीयूचं नाव तिने काढलं नाही, आणि घरातही कोणी काढलं नाही.

मस्कतचं निघालं ते तिच्या एका मैत्रिणीमुळे. ती तिकडे लागली होती आणि तिने कल्याणच्या विपुल सरांचा नंबर दिला. विपुल सर परदेशी जाणाऱ्या नर्सना मुलाखतीची तयारी करून द्यायचे. दामिनीने तो नंबर आईला दाखवला आणि म्हणाली, "विचारून बघ." तेवढ्यावरून अनिताने ओळखलं की पोरीला जायचंय. मनापासून जायचंय. इतकं की तोंडाने म्हणायचीही भीती वाटतेय.

आधी रेझ्युमे हवा होता. शहापुरात साईनाथच्या दुकानात झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे बायोडेटा होतात. साईनाथने मनापासून काम केलं. वर गणपती काढला. खाली नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण गव्हाळ, कुलदैवत, मामांचं गाव, आणि त्यानंतर शिक्षण व अनुभव. तो कागद विपुल सरांनी फोनवर बघितला.

"ताई," ते म्हणाले, "मस्कतला नोकरी शोधताय की स्थळ?"

साईनाथची चूक नव्हती. या भागात माणसाची माहिती कागदावर लिहायची वेळ येते ती लग्नाच्याच वेळी, आणि तिथे माणसापेक्षा त्याचं घर, गोत आणि मामा जास्त बघतात. विपुल सरांनी सगळं पुसून नवीन करून घेतलं. एक पान. किती बेडचं आयसीयू, व्हेंटिलेटरवरचे किती पेशंट एका वेळी सांभाळले, कोणती यंत्रं चालवता येतात. प्रत्येक ओळ दामिनीकडून विचारून काढावी लागली. पान भरलं तेव्हा अनिताने ते दोनदा वाचलं. आपल्या पोरीला एवढं येतं हे तिला त्या पानावरून कळलं.

पानाच्या तळाशी दोन माणसांची नावं आणि फोन नंबर द्यायचे होते. उमेदवाराला ओळखणारी दोन माणसं, त्यांना ते लोक फोन करणार. हे ऐकून देवराम पहिल्यांदाच या सगळ्यात उत्साहाने उतरला. कारण हे काम त्याला कळत होतं. काम अडलं की तालुक्यातला वजनदार माणूस धरायचा. तो दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून अनंताशेठकडे गेला. अनंताशेठ म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती, तीन गावांत लग्नाला त्यांची खुर्ची पहिली असते. त्यांनी दामिनीला जन्मात कधी बघितलं नव्हतं. पण देवरामच्या बापाला ओळखत होते, तेवढं पुरे होतं. "दे नाव माजं," ते म्हणाले. "करू आपण बोलणं." दुसरं नाव शहापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं दिलं.

पहिली फेरी दामिनी पास झाली. ती लेखी होती, त्यात बोलायचं नव्हतं. मग मस्कतच्या हॉस्पिटलच्या मुंबईतल्या कचेरीतून एका बाईंचा अनंताशेठना फोन गेला. काय बोलणं झालं ते अनंताशेठनीच देवरामला अभिमानाने सांगितलं, आणि देवरामने घरी येऊन.

"बाई इचारते, आयसीयू में काम कैसा है. शेठ बोलले, देखो मॅडम, लडकी हमारे तालुके की है, काम हो जाना चाहिए. बाई परत तेच. तवा शेठ बोलले, तुमको उधर कुछ अडचण हो तो हमको बताओ."

अनिता चुलीपाशी होती. तिने हातातली काठवट खाली ठेवली. "अवो, त्यांनी तिचं काम विचारलं. शेठनी त्यांनाच दम दिला?"

"दम कुठं. वजन टाकलं."

दोन दिवसांनी मेल आला. दवाखान्याच्या डॉक्टरांचं नाव चालेल, पण आयसीयूत जिच्या हाताखाली तीन वर्षं काम केलं त्या वरिष्ठ सिस्टरचं नाव आणि नंबर हवा. तो सोमवारी कचेरी उघडायच्या आत मिळाला नाही, तर मंगळवारची मुलाखत होणार नाही.

अनिताने दामिनीला विचारलं. दामिनी म्हणाली, "माज्याकडं नाय नंबर." तिच्याकडे होता हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं.

शनिवारी अनिताने विपुल सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांना असल्या गोष्टींचं काही वाटत नसावं. "टेन्शन घेऊ नका ताई. सुयोग म्हणून माझा मित्र आहे, इंग्लिश फाडफाड बोलतो. तो आयसीयू इन्चार्ज म्हणून बोलेल. आधी दोघींचं केलंय. रविवारी संध्याकाळपर्यंत तुमच्याकडून खरं नाव आलं तर ठीक, नाहीतर मी सुयोगचं पाठवून टाकतो."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कळत नाही. कळलं तर तिचं नाव काळ्या यादीत जातं, मग तिकडे कुठेच नाही. पण कळत नाही."

अनिताने "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की आपण हो म्हणालो. काही न करता गप्प बसलं तरी आता ते होणार होतं.

रविवारी दुपारी देवराम राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, पाला गोळा करायला माळावर गेला. मार्चचं ऊन, ओटीवर तेवढी सावली. दामिनी सुपात वाल घेऊन सोलत बसली होती. अनिताने विपुल सरांनी पाठवलेले प्रश्न मोबाइलवर उघडले. सर म्हणाले होते, आधी मराठीत गोष्ट पक्की करा, इंग्रजी मागून येतं.

"तुमच्याबद्दल सांगा," अनिताने वाचलं.

"माजं नाव दामिनी देवराम गोजर. मी नर्सिंगचं जीएनएम केलंय."

"पुढं?"

"पुढं काय, तुला माहीताय की."

"मला माहीत हाय. त्या मस्कतच्या बाईला माहीत नाय. तिला सांग."

"आमच्या आयसीयूतल्या सगळ्या सिस्टर खूप चांगल्या होत्या..."

अनिताचं डोकं तापलं. "त्या सिस्टरना न्यायचंय का मस्कतला? मंग त्यांनाच बसव लॅपटॉपसमोर."

दामिनी हसली, पण ओठातल्या ओठात. अनिताने पुढचा प्रश्न घेतला. तिलाही एकाच जागी भांडत बसायचं नव्हतं. "डॉक्टरांशी तुमचं मत पटलं नाही, असा एखादा प्रसंग सांगा. तेव्हा तुम्ही काय केलं?"

"असं कधी झालं नाय."

"तीन वर्षांत एकदाही नाय? सगळे काय देव होते?"

दामिनीने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. दुसरी फोडली. अनिता थांबली. एरवी इतका वेळ ती थांबत नसे, पोरीच्या ऐवजी काहीतरी बोलून मोकळी होई. आज तिच्याकडे बोलायला काही नव्हतं, कारण उत्तर तिला ठाऊकच नव्हतं.

"एक सिस्टर होती आमच्याकडं," दामिनी म्हणाली. "तिचं झालं होतं तसं."

"सांग तिचं."

"एक पेशंट होता. पोटॅशियम फार कमी झालेलं. नवीन डॉक्टर होते, त्या दिवशी तेच एकटे. त्यांनी सांगितलं, पोटॅशियमचं इंजेक्शन थेट शिरेत दे, लवकर. तसं देत नसतात. सलाइनमध्ये मिसळून हळूहळू सोडायचं असतं. थेट दिलं तर हृदय थांबतं, माणूस जागच्या जागी जातो. त्यांना बहुतेक घाईत सुचलं नसेल. चांगले होते ते डॉक्टर तसे."

"असू दे चांगले. मंग?"

"ती सिस्टर म्हणाली, सर, सलाइनमध्ये लावू का. ते ओरडले, तू मला शिकवतेस का. ती काय बोलली नाय मंग. इंजेक्शनची काचेची अँप्युल हातात धरून उभी राहिली. मूठ मिटून. ते म्हणाले, इकडं दे, मी देतो. तिने दिली नाय. पेशंटची बायको काचेतून बघत होती. सगळा स्टाफ बघत होता. मंग तिने दुसऱ्या हाताने मेट्रन मॅडमना, आमच्या मुख्य सिस्टरना, फोन लावला. मॅडम मागंच राहतात, क्वार्टरमध्ये. नुकती अंघोळ केली असणार, केस ओले, पायात घरातल्या चपला, तशाच धावत आल्या. आल्या त्या डॉक्टरांना बाजूला घेऊन गेल्या. परत आल्या आणि सलाइन लावायला सांगितलं. हळूहळू गेलं ते. पेशंट बरा झाला. चालत घरी गेला."

अनिता ऐकत होती. केस ओले, घरातल्या चपला. कोणाकडून ऐकलेल्या गोष्टीत चपला नसतात.

"मेट्रन मॅडम त्या सिस्टरला काय म्हणाल्या?"

"काय नाय. तिच्या हातातून अँप्युल काढून घेतली. मूठ उघडायला वेळ लागला तिला. म्हणाल्या, जा, तोंड धू."

"आणि त्या सिस्टरचं नाव काय?"

दामिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. खालच्या आळीतून कोणाच्या तरी मोबाइलवर मोठ्याने गाणं लागलं आणि बंद झालं.

"तूच ना गो ती?" अनिता म्हणाली.

दामिनीने मान हलवली, अगदी थोडी.

मग हळूहळू बाकीचं निघालं, तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक तुकडा अनिताला ओढून काढावा लागला. त्या प्रसंगानंतर चार-पाच दिवसांनी ड्युटीचा नवा तक्ता लागला. त्यात दामिनीचं नाव आयसीयूत नव्हतं, ओपीडीत होतं. का, ते तिने विचारलं नाही. विचारायचं काय, नाव लावलं म्हणजे लावलं. तिला वाटलं, डॉक्टरांच्या तोंडाला लागले त्याची शिक्षा. पेशंट घरी गेला तेव्हा त्याच्या बायकोने आयसीयूच्या दाराशी पेढे वाटले, तेव्हा ही खाली ओपीडीत केसपेपर काढत होती. आठवडाभर तिने काढला. मग आवणीसाठी सुट्टी घेऊन घरी आली आणि परत गेली नाही. राजीनामा नाही, निरोप नाही.

"मॅडमचा फोन नाय आला?"

"आले होते. बरेच. मंग बंद झाले."

"उचलला का नाहीस?"

"आवणीत होते. हात चिखलाचे असायचे."

"रात्री पण चिखलाचेच?"

दामिनीने सूप बाजूला ठेवलं. तिचा चेहरा अनिताला लहानपणीसारखा दिसला, शाळेत काहीतरी फुटलं आणि आपलं नाव आलं तर काय, या भीतीचा.

एवढ्यात देवराम पाल्याचा भारा मागच्या अंगणात टाकून ओटीवर आला. डोक्यावरचं फडकं सोडून त्याने तोंड पुसलं. अनिताने त्याला थोडक्यात सांगितलं. त्याला त्यात नवल वाटलं नाही.

"सोडलं त सोडलं. आमच्या कंपनीत पोरं दिवाळीला गावाला जातात, परत येतच नाय. कोण सांगत बसतो? ठेकेदार दुसरा आणतो."

"ती कंपनी नाय. तिथं हिच्या जागी कोणीतरी दोन-दोन ड्युट्या केल्या असतील."

"केल्या," दामिनी खाली बघत म्हणाली. "मैत्रिणीने सांगितलं मला. दोघींनी केल्या. मॅडमनी पण केल्या."

देवरामने फडकं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "म्हणूनच सांगतो, त्या बाईच्या वाटेला जाऊ नका. खार खाऊन बसली असेल. फोन केलात की लगेच सांगणार, न सांगता पळालेली पोरगी. मंग मस्कत गेलं, आणि ती तीन वर्षं पण गेली. विपुल सर करतोय त करू दे. त्याचा धंदाच हाय तो."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच अनिताला बोचत होतं. मेट्रन मॅडमना तिने एकदाच बघितलं होतं. रेश्मा मॅडम, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, हसणं नाही. दामिनीला नर्सची पहिली नोकरी त्यांनीच दिली होती. आता त्या काय म्हणतील याचा काहीच अंदाज नव्हता. त्या रागावून नाव द्यायला नकार देऊ शकत होत्या. खरं तेच सांगितलं तरी ते दामिनीच्या विरोधात जाऊ शकत होतं. आणि सुयोगचं नाव जायला फक्त गप्प बसून राहायचं होतं. तो फाडफाड इंग्रजीत सांगेल, हुशार मुलगी, मेहनती, वेळेवर येणारी. तो आणखी दहा गोष्टी सांगेल ज्या दामिनीने कधी केल्या नाहीत. पण सगळ्यांसमोर मूठ मिटून उभी राहिली, हे तो सांगणार नाही, कारण त्याला ते ठाऊकच नाही. ते बघणारं, आणि मस्कतच्या बाईंना सांगू शकणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाचे फोन दामिनीने उचलले नव्हते.

आणखी एक भीती तिच्या मनात होती, ती तिने देवरामला सांगितली नाही. उद्या तिकडच्या आयसीयूत कोणी परत तसंच सांगितलं, दे लवकर, तर ही काय करेल? तिथे मागच्या क्वार्टरमधून कोणी धावत येणार नाही. मूठ मिटून उभं राहिल्याची किंमत घरी येऊन गप्प बसणं अशीच असते, असं जर हिच्या डोक्यात पक्कं बसलं असेल, तर पुढच्या वेळी ती मूठ उघडेल. काळ्या यादीपेक्षा अनिताला याची जास्त भीती वाटली.

"दामे," ती म्हणाली, "मॅडमचा नंबर हाय ना तुज्याकडं?"

"हाय."

"त्या वाईट बोलल्या तर?"

"तेच तर."

"तू न सांगता आलीस, हे खरं हाय ना?"

"हाय."

"आणि ते इंजेक्शन दिलं नाहीस, ते?"

दामिनीने नखातला वालाचा हिरवा रंग दुसऱ्या नखाने खरवडला. "ते पण खरं हाय," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "मीच नाय दिलं."

देवराम उठला आणि आत पाणी प्यायला गेला. जाता जाता पुटपुटला, "आपल्या हाताने पोरीचं नुकसान करून घेशील." तो पाणी पिऊन बाहेर आला तेव्हा त्याने दोघींकडे फक्त बघितलं.

घरात फोनला धड रेंज येत नाही. शाळेच्या पटांगणात, पाण्याच्या टाकीजवळ येते. दोघी तिकडे निघाल्या. वाटेत दामिनी म्हणाली, मॅडम रविवारी दुपारी झोपतात, चहाच्या वेळेला उठतात, आत्ता उठल्या असतील. तिला मॅडमचं सगळं पाठ होतं, कधी झोपतात, चहात साखर घेत नाहीत, कोणता शब्द आला की रागावल्या समजायचं. वाटभर ती बोलत राहिली, आणि अनिता तिला मध्येच तोडणार नाही याची काळजी घेत चालली.

टाकीजवळ पोचल्यावर अनिताच्या मोबाइलवर विपुल सरांचा मेसेज आला. पाठवू का सुयोगचं? तिने तो वाचला. आधी त्यांना फोन केला तर ते समजावतील, आणि ते समजावण्यात पटाईत आहेत हे तिला ठाऊक होतं. तिने 'थांबा' एवढंच लिहून पाठवलं.

दामिनीने तिच्या फोनमधून नंबर काढून समोर धरला. मेट्रन मॅडम, असं लिहिलेलं. त्याच्या खाली गेल्या पावसाळ्यातले न उचललेले फोन, लाल अक्षरांत, एकाखाली एक.

"तू बोल आई," दामिनी म्हणाली. "मी बोलले तर रडेन."

अनिताने फोन घेतला. तिच्या डोक्यात वाक्यं तयार होती. नमस्कार मॅडम, मी दामिनीची आई, पोरगी जरा भित्री आहे, तिचं चुकलं, पण तिने त्या दिवशी... सगळं व्यवस्थित, क्रमाने, बी.ए. झालेल्या बाईला शोभेल असं. मग तिच्या लक्षात आलं की मॅडमना यातलं एकही वाक्य नको असणार. ज्या माणसाने इतके फोन केले त्याला त्या पोरीचाच आवाज ऐकायचा असणार, मग तो रागवायला का असेना.

"रड मग," ती म्हणाली. "मी नुसता लावून देते. उचलला की दामिनीची आई बोलतेय म्हणते, आणि तुला देते. बास."

"आणि मी काय बोलू?"

"ते मला काय माहीत."

दामिनीने ओढणीने डोळे पुसले आणि घसा साफ केला. अनिताने रेंजच्या दोन दांड्या बघितल्या, आणि मॅडमच्या नावावर बोट ठेवलं.